हा दिवा कधीपासून लागलाय

आई, काल सकाळी मी गाडीच्या पुढच्या सीटखाली डोकं घालून पडले होते. पाय दाराबाहेर, घरासमोरच्या ओल्या फरशीवर, आणि गाल गाडीतल्या चटईला टेकलेला. सप्टेंबरच्या शेवटी इथे ब्रिस्टलमध्ये सकाळी जे धुकं उतरतं ते दारातून आत आलं होतं, म्हणजे मला तरी तसं वाटत होतं. टॉर्चच्या उजेडात सीटखालची धूळ, एक जुनं पार्किंगचं तिकीट, दूर्वांच्या दोन वाळलेल्या काड्या आणि त्यांच्यामागे लाकडाची एक कड दिसत होती. तुझा आवाज ऐकू आला असं मी लिहिणार होते, पण ते खरं नाही. आवाज आला नाही, वास आला. खोबरेल तेलाचा आणि जुन्या लाकडाचा. मग मी तशीच पडून राहिले, थोडा वेळ, कारण वर उठले असते तर तो गेला असता.

तुला जाऊन सोळा वर्षं होतील. माझ्या वहीत तुझ्याविषयी बरंच लिहून झालंय, पण तुला उद्देशून कधी लिहिलं नव्हतं. आज लिहितेय त्याला कारण एक प्रश्न आहे. तो तू मला एकदा विचारला होतास, आणि परवा तोच मी माझ्या मुलीला विचारला.

परवा, म्हणजे गुरुवारी संध्याकाळी, ती स्वयंपाकघरात आली आणि फ्रिज उघडून आत बघत, जसं काही दुधाबद्दल बोलतेय अशा सुरात म्हणाली, "आई, गाडीत तो एअरबॅगचा लाइट येतोय."

ती आता वीस वर्षांची आहे. मँचेस्टरला फिजिओथेरपी शिकते, आणि यंदापासून तिला वेगवेगळ्या हॉस्पिटलांत काम शिकायला जायचंय. त्यातली काही अशा गावांत आहेत जिथे पहाटेची बसच नाही, म्हणून आमची बारा वर्षांची छोटी गाडी तिला द्यायचं ठरलं. शनिवारी दुपारी ती निघणार होती. गॅरेजला फोन केला तर पुढच्या आठवड्याच्या शेवटची वेळ मिळाली. तिचे बाबा म्हणाले, "मग जाऊ दे तिला ट्रेननं, गाडी मागून पाठवू." त्यावर तिनं जे तोंड केलं ते तू बघायला हवं होतंस, अगदी तुझ्यासारखं, खालचा ओठ आत. "बाबा, माझा पहिला दिवस सोमवारी आहे. सकाळी सात वाजता. ट्रेननं मी काय उडत जाऊ?"

मी तिला विचारलं, "कधीपासून लागतोय दिवा?"

"दोनच दिवस झाले," ती म्हणाली.

हा प्रश्न तुझा आहे, आई. मी तो इतक्या वर्षांत इतक्या वेळा विचारलाय, घरी, कामावर, की तो तुझा आहे हे विसरूनच गेले होते. मी विमानाच्या सुट्या भागांचे कागद तपासते. कुणीतरी सांगतं की अमुक भागावर चरा आहे, आणि सगळे विचारतात कुणामुळे. मी विचारते कधीपासून. माझ्या ऑफिसातल्या लोकांना वाटतं की हे मी कॉलेजात शिकले.

तू इंग्लंडात आल्यावर ज्या कारखान्यात एअरबॅगा शिवायचीस तिथे मला एकदाच नेलं होतंस, मुलांना दाखवायचा दिवस होता तेव्हा. मी नऊ-दहा वर्षांची असेन. मला ते आठवतं ते असं की मोठ्या पत्र्याच्या छताखाली पांढरं कापड पसरलंय, इतकं पांढरं की आत शिरल्यावर बाहेरच्यापेक्षा जास्त उजेड वाटतो. मशिनींच्या रांगा आहेत, बायका वाकून बसल्यात, आणि प्रत्येकीच्या हातातून ते कापड गोल फिरत निघतंय. तू साडीवर निळा कोट घातलायस आणि डोक्याला जाळी. एका काचेमागे एक माणूस कळ दाबतो आणि घडी घातलेली पिशवी एकदम उघडते. मी दचकते. तू म्हणतेस, "बघितलीस? पुरी फुगावी तशी. पण तुझी पापणी लवायच्या आत." तू तिला कधी एअरबॅग म्हणाली नाहीस. कायम पिशवी. आणि गाडीतल्या त्या तांबड्या चित्राला, ज्यात बसलेल्या माणसाच्या पुढ्यात एक मोठा गोळा असतो, तू कलिंगडवाला म्हणायचीस. मांडीवर कलिंगड घेऊन बसलेला माणूस. गाडीत बसलीस की पट्टा लावून तू म्हणायचीस, "थांब, कलिंगडवाल्याला जाऊ दे." किल्ली फिरवल्यावर तो दिवा लागतो, पाच-सहा सेकंद राहतो, आणि सगळं ठीक असेल तर विझतो. तो विझला की तू म्हणायचीस, "चल." माझे बाबा असायचे तेव्हा त्यांनाही तू असंच थांबवायचीस, आणि ते म्हणायचे, "अहो सुपरवायझर, निघू का आता?"

गुरुवारी संध्याकाळी मी तो गाडीतल्या चुका वाचणारा छोटा यंत्राचा डबा आणला. स्टिअरिंगच्या खाली एक खाच असते, तिथे त्याची वायर खुपसायची, म्हणजे पडद्यावर अक्षरं येतात. माझ्याकडचा जरा बरा आहे, तो एअरबॅगचंही वाचतो. तो मी कशात ठेवते ते सांगू? तू मला शाळेच्या खेळाच्या कपड्यांसाठी पिशवी शिवली होतीस ना, कारखान्यातल्या उरलेल्या कापडाच्या तुकड्यांची, नाडीची, त्यात. वर्गात एकीनं विचारलं होतं की ही तुझ्या आईनं हॉस्पिटलातून आणली का, आणि मी हो म्हटलं होतं, कारण हॉस्पिटल मला कारखान्यापेक्षा बरं वाटलं. ती अजून फाटलेली नाही. फाटणारच नाही, ते कापडच तसं आहे. मी ती नाडी सोडते तेव्हा दर वेळी थोडी लाज वाटते, आणि ती वाटावी म्हणूनच मी ते यंत्र त्यात ठेवते की काय, कुणास ठाऊक.

पडद्यावर आलं की पुढच्या प्रवाशाच्या सीटकडे जाणाऱ्या तारेत विजेला रोध जास्त आहे, म्हणजे जोड कुठेतरी ढिला आहे. खाली पर्याय होता, पुसायचं का. मी पुसलं. दिवा विझला. मुलगी ओरडली, "लाइट गेली! आई, यू आर अ लेजंड!" आणि माझ्या गळ्यात पडली. तिचे बाबा म्हणाले, "बघ, गॅरेजवाल्याची सुट्टी." मी हसले. सगळे आनंदात जेवलो. भाजी चिरताना, ताटं घेताना मला आतून काहीतरी टोचत होतं, आणि ते काय ते मी ताटं धुताना ओळखलं. मी चूक वाचली होती, पण लिहून घेतली नव्हती, आणि शोधली तर मुळीच नव्हती. नुसती पुसली होती. दिवा विझणं आणि बिघाड जाणं यातला फरक मला माहीत नाही असं मी म्हणू शकत नाही. मी तुझी मुलगी आहे.

म्हणून काल सकाळी मी धुक्यात गाडीशी गेले. किल्ली फिरवली, कलिंगडवाला आला आणि गेला. मग दार उघडून बाहेर उभी राहिले आणि पुढची सीट मागे-पुढे सरकवली. दुसऱ्यांदा मागे नेताना ती कशाला तरी अडली, लाकूड लाकडावर घासावं तसा आवाज झाला, आणि दिवा लागला. किल्ली बंद केली, टॉर्च घेतला आणि खाली डोकं घातलं. ती लाकडाची कड तुझ्या पाटाची होती. कोपऱ्यावर पितळी फुली ठोकलेली आहे, तोच. तू भारतातून येताना बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणला होतास, विमानतळावर तुला उघडून दाखवायला लावला होता.

हा पाट आमच्याकडे वर्षातून एकदाच बाहेर निघतो, गणपती आणायच्या दिवशी. मूर्ती आम्ही अजूनही लंडनमध्ये एजवेअरच्या त्याच दुकानातून आणतो. आणि आणताना तुझा नियम पाळतो. मूर्ती मागे, कुणाच्या तरी मांडीवर, पुढच्या सीटवर कधीच नाही. मला आठवतं, दुकानातले काका म्हणाले होते, "ताई, बाप्पा पुढे बसू दे की, मानाची जागा." आणि तू म्हणाली होतीस, "तो देव आहे हे मला कळतं. पिशवीला कळत नाही. ती मूर्तीला फोडून माझ्या पोरीच्या अंगावर घालेल." तेव्हा बाजूच्या गाडीत डॅशबोर्डवर छोटा गणपती चिकटवलेला होता, त्या गाडीच्या मालकाला तू भर रस्त्यात थांबवून तो काढायला लावलास. तो बिचारा म्हणत होता, "मावशी, रक्षणाला लावलाय." तू म्हणालीस, "मग त्याला खिशात ठेव. तिथून बघेल तो."

यंदा मूर्ती आणायला माझी मुलगी गेली होती, मैत्रिणीला घेऊन.

मी सीटखालून बाहेर आले तेव्हा ती दारात उभी होती, हातात टोस्ट, पायात तिच्या बाबांचे मोठे बूट. मी म्हटलं, "खाली आजीचा पाट आहे."

तिनं टोस्टचा एक कोपरा खाल्ला.

"कधीपासून लागतोय हा दिवा?" मी पुन्हा विचारलं. ओरडून नाही. तू विचारायचीस तसं, हवा कशी आहे विचारावं तसं.

"सांगितलं ना, दोन दिवस."

आणि आई, मी तो सूर ओळखला. तो माझा होता. शब्द लवकर बोलून टाकायचे आणि मग दुसरीकडे बघायचं. तिच्या तोंडून मी स्वतःला ऐकत होते. मी टॉर्च बंद केला. धुक्यातून समोरच्या घरातल्या आजोबांचा कुत्रा भुंकला. शेवटी तीच म्हणाली, "ओके. बाप्पाला आणलं त्या दिवसापासून. रोज नाही, मधूनच. लाइट येते, मग आपोआप जाते."

"म्हणजे मूर्ती पुढे होती."

"मागे मैत्रीण तिची बॅग मांडीवर घेऊन बसली होती आणि बाजूला माझी सगळी भांडी होती, मँचेस्टरची. जागाच नव्हती. मी पाट ठेवला, त्याच्यावर बाप्पा ठेवला, आणि बेल्ट लावला. खूप हळू चालवलं, आई. लॉरी पण मला ओव्हरटेक करत होती."

"आणि मग?"

"मग घरी आल्यावर मूर्ती आत नेली आणि पाट सीटखाली ढकलून दिला, जोरात. तुला कळू नये म्हणून." तिचे डोळे भरले होते, आणि त्याचबरोबर ती थोडी हसतही होती, कारण बाबांचा एक बूट पायातून निघाला होता. "तू ओरडणार म्हणून नाही सांगितलं. आजीचा रूल मोडला ना."

मी ओरडले नाही. मी मनात मोजत होते. गणपती येऊन तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांत गाडीत कोण कोण बसलं. मी रोज. तिचे बाबा दोनदा. शेजारच्या बाईंना डॉक्टरकडे नेलं होतं, त्या पुढेच बसल्या होत्या, गुडघ्यावर पर्स घेऊन. दोन दिवस म्हटलं तर यातलं काहीच मोजावं लागलं नसतं. तेव्हा मला कळलं की तू हा प्रश्न का विचारायचीस. म्हणजे कळलेलं आधीही होतं, पण पोटात आता कळलं.

मी तिला म्हटलं, "पाटाला हात लावू नकोस. ओढायचा नाही. आधी बॅटरी." बॉनेट उघडून बॅटरीची काळी तार काढली आणि बाजूला कापडात गुंडाळून ठेवली. सीटमध्ये, पट्ट्यात, दारात या पिशव्यांच्या यंत्रणेत थोडी वीज साठून राहते, ती उतरू द्यायला थांबावं लागतं. त्याआधी तिथल्या तारांना हात लावायचा नाही. दहा मिनिटं थांबायचं असं माझ्या गाडीच्या पुस्तकात आहे. ती दहा मिनिटं आम्ही दोघी पायरीवर बसलो, एका रगात. तिनं उरलेला अर्धा टोस्ट मला दिला. आणि मी तिला तुझ्या सुईची गोष्ट सांगितली.

ती गोष्ट तू मला एकदाच सांगितलीस, चपात्या लाटताना, माझ्याकडे न बघता. एके दिवशी अकराच्या सुमाराला तुला दिसलं की तुझ्या शिवणीत एक टाका सुटलाय. सुईचं टोक बोथट झालं होतं. हातातली पिशवी बाजूला टाकून नवी सुई लावता आली असती, कुणी बघितलं नव्हतं. तू हात वर केलास. सुपरवायझर आली, तिनं विचारलं कधीपासून. तू म्हणालीस, मला नक्की माहीत नाही, पण सकाळी सुई लावली तेव्हापासून धरा. ती म्हणाली, "शुअर, लव?" तू म्हणालीस शुअर. मग सकाळपासूनच्या सगळ्या पिशव्या परत मागवल्या, नुसत्या तुझ्या नाहीत, तुझ्यासारख्याच सुया लावलेल्या सगळ्या बायकांच्या, आणि त्या तुम्हालाच कात्रीनं चिरायला लावल्या, कुणी चुकून वापरू नये म्हणून. तुझ्या शेजारची गुजराती बाई म्हणाली, "अरे बेन, एक टाँके में क्या मर जाता कोई? बडी आई हरिश्चंद्र!" आठवडाभर तुझ्याशी डब्याच्या टेबलावर कुणी बोललं नाही. तू लाटणं थांबवून मला म्हणालीस, "तो एक टाका कुणाच्या तोंडासमोर उघडणार होता ते मला कधीच कळलं नसतं. म्हणून सकाळपासून म्हटलं. कमी सांगून चालत नाही गं. कमी सांगितलं की मधले राहून जातात."

मुलगी ऐकत होती. तिला तू फारशी आठवत नाहीस. ती चार वर्षांची होती तू गेलीस तेव्हा. तिला तुझा हात आठवतो म्हणते, मऊ आणि तेलकट. मग ती म्हणाली, "आणि तू? तू कधी असं कमी सांगितलंस का? आजीला?"

मी घड्याळ बघितलं. म्हटलं, "दहा मिनिटं झाली."

मग आम्ही पाट काढला. तिनं सीट उचलल्यासारखी वर रेटून धरली, मी दोन्ही हातांनी तो हळूच तिरका करून ओढला. त्याच्या पायाच्या कडेनं तारांचा झुपका बाजूला रेटला होता, आणि सीटखालचा पिवळा प्लग अर्धा बाहेर आला होता. तुटलं काही नव्हतं, तारेला कुठे कापही नव्हता. प्लग पूर्ण सोडवला, आत बघितलं, त्यात अक्षतेचा एक दाणा होता, कुंकवानं लाल झालेला. तो मी चिमट्यानं काढून हातात घेतला. मुलीनं तो घेतला आणि तुळशीच्या कुंडीत टाकला, जी आता घरात खिडकीत आहे, म्हणजे आत जाऊन टाकून आली. प्लग पुन्हा दाबला, कट् असा आवाज येईपर्यंत. झुपका सीटच्या सांगाड्याला प्लास्टिकच्या पट्टीनं बांधला. बॅटरी जोडली. गाडीत कुणी बसायचं नाही, दारातून हात घालूनच किल्ली फिरवायची. या वेळी चूक आधी वहीत लिहिली, तारीख आणि वेळ घालून, आणि मग पुसली. दोघी वाकून बघत होतो. कलिंगडवाला आला. मी मनात मोजायला लागले, ती मोठ्यानं मोजायला लागली. सहाला तो गेला. सीट या टोकापासून त्या टोकापर्यंत दहादा सरकवली. मग मी गाडी घेऊन आमच्या रस्त्यावरून, खड्ड्यांच्या गल्लीतून, मोठ्या रस्त्यावर आणि परत अशी अर्धा तास फिरले. तो आला नाही.

शेजारच्या बाईंना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं बाई, मला त्यातलं काय कळतंय," इंग्रजीत, पण सूर हाच होता, आणि आम्हाला बिस्किटं दिली.

आज दुपारी मुलगी गेली. भांडी मागे, तुझा पाट मला परत दिला, पुढच्या सीटवर फक्त तिचा कोट. मी खिडकीतून बघत होते. तिनं पट्टा लावला, किल्ली फिरवली, आणि हात मांडीवर ठेवून थांबली. तिच्या बाबांना वाटलं काहीतरी विसरलं, ते दारापर्यंत गेले. मग तिचे ओठ हलले. काय म्हणाली ते काचेतून ऐकू आलं नाही, पण मला माहीत आहे.

आता मी ते सांगते.

तू शेवटच्या गणपतीला आलीस तेव्हा मी तुला स्टेशनवर घ्यायला आले होते, आमच्या त्या आधीच्या गाडीतून. बाळ (तीन वर्षांची झाली तरी तिला आपण बाळच म्हणायचो) घरी होतं, म्हणून तू पुढे बसलीस. पट्टा लावलास. "थांब," म्हणालीस. मी थांबले. कलिंगडवाला आलाच नाही. तू वाकून बघितलंस, आणि जिथे तो लागायचा तिथे काळ्या चिकटपट्टीचा एक चौकोन होता. तेव्हा वार्षिक तपासणीत तो दिवा बघत नसत, आणि गाडी चालत होती, आणि मला गॅरेजला जायला वेळ नव्हता. ही कारणं आहेत, मला ती पाठ आहेत.

"हे काय?" तू विचारलंस.

"उगीच लागतो गं. आधी नुसता लुकलुकायचा, मग विझेचना. डोळ्यांवर येतो."

"कधीपासून?"

"दोन-चार दिवस."

तू रस्त्याकडे बघत होतीस. "मे महिन्यात आले तेव्हा नव्हती ना ही पट्टी? मी मागे बसले होते बाळाजवळ, मला दिसलं नसतं."

"नव्हती," मी म्हटलं.

"बरं," तू म्हणालीस. "चल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तू आमच्या गाडीत बसलेली मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसलीस. साडीवर माझं कार्डिगन, मांडीवर खोबरेलाची बाटली, हातात कापूस. तू पट्टी काढली होतीस आणि त्या जागेचा चिकटा तेलानं घासत होतीस. किती वेळ घासत होतीस. चहा दोनदा गरम केला मी. मग आत आलीस, पट्टीचा चौकोन भिंतीवरच्या फोनच्या रिसीव्हरला चिकटवलास, आणि काही न बोलता पाट पुसायला बसलीस. मी गॅरेजला फोन केला, त्याच आठवड्यात दुरुस्त करून आणली, आणि तू परत जाताना स्टेशनपर्यंत पुढे बसलीस. दिवा आला, गेला, तू "चल" म्हणालीस. पुढच्या वसंतात तू गेलीस.

इतकी वर्षं मला वाटत होतं की तू माझ्यावर विश्वास ठेवलास, आणि मला त्याचंच वाईट वाटत होतं. काल प्लग साफ करताना माझ्या हाताला जुन्या चिकटपट्टीचा चिकटा लागला. आधीच्या कुणीतरी कधीतरी ती तार बांधली असेल. तो पाण्यानं जाईना, साबणानं जाईना. मी खोबरेल आणायला उठले आणि तिथेच थांबले. दोन दिवसांच्या पट्टीचा चिकटा तेल लावून काढावा लागत नाही, आई. नखानं निघतो. आयुष्यभर कापड आणि चिकट पट्ट्या हाताळलेल्या बाईला हे कळलं नसेल का? तू तो घासत असताना महिने मोजत होतीस का? की तू मोजले नाहीस, मीच आता तुझ्या नावानं मोजतेय? मला ठरवता येत नाही. तू विचारलं होतंस, आणि तुला खरं सांगायची जागाही करून दिली होतीस, मे महिन्याचं नाव घेऊन. मी ती घेतली नाही.

आत्ता मुलीचा निरोप आला. पोचले, लाइट ऑफ, आणि कलिंगडाचं एक चित्र. तिच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. उद्या फोन करेन तेव्हा देईन, असं लिहिते आहे, लिहिलं म्हणजे पाळावं लागेल. पण आधी तुझं. हे पान वहीतून फाडून कुठे पाठवायचं नाही, ते इथेच राहील, पाटाखाली.

पट्टी गुढीपाडव्यापासून होती. मे महिन्यात तू बाळाला घेऊन मागे बसलीस, तिला गाणी म्हटलीस, मी गाडी चालवत होते, तेव्हा ती तिथे होती. होती, आई.